मोंटानातली गाइडेड एल्क शिकार आणि लायसन्सचा वाद: पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या डोंगरात गाइड घेऊन एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचं म्हटलं की लोक आधी बंदूक, थंडी, घोडे याबद्दल विचारतात, पण खरी गोष्ट लायसन्सपाशी सुरू होते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार जवळपास बंदच झाली त्यामुळे कोटा, ड्रॉ (लायसन्ससाठीची सोडत), पॉइंट ही भानगड आपल्याला ओळखीची नाही, म्हणून जरा मागून सांगतो.

एकोणिसाव्या शतकात मांसासाठी, कातड्यासाठी एल्क बेसुमार मारले गेले. वरच्या जबड्यातल्या दोन सुळ्यांना दागिन्यात मागणी होती, फक्त तेवढे उपटून अख्खं जनावर टाकून देणारे लोक होते. 1900 च्या आसपास अख्ख्या खंडात लाखभरसुद्धा उरले नव्हते. मग हंगाम बांधले, लायसन्सं आली, यलोस्टोनमधून एल्क पकडून दुसऱ्या राज्यांत नेऊन सोडले, आणि आज आकडा दहा लाखांच्या घरात आहे. याच काळात डोंगरातल्या रँचवाल्यांनी पूर्वेकडच्या पाहुण्यांना घोड्यावरून आत न्यायला सुरुवात केली आणि त्यातून आउटफिटरचा, म्हणजे गाइड, घोडे, तंबू सगळं पुरवून शिकार घडवून आणणाऱ्याचा, धंदा उभा राहिला.

हा धंदा अजूनही बराचसा तसाच आहे. मोंटानातल्या बॉब मार्शलसारख्या वाइल्डरनेसमध्ये (कायद्याने राखलेल्या रानात) गाडी सोडा, सायकलसुद्धा चालत नाही, त्यामुळे कॅनव्हासचे तंबू, लाकडाची शेगडी, घोड्यांचा दाणा सगळं खेचरांवर जातं. एल्क पडला की तिथेच त्याचे चार भाग करायचे, सुती पिशव्यांत गार हवेला टांगायचे, मग ताडपत्रीत गुंडाळून दोराने बांधून खेचराच्या दोन्ही अंगाला लादायचे. दोन्हीकडचं वजन सारखं नसेल तर खोगीर एका बाजूला सरकतं, पाठ सोलवटते, आणि ते खेचर त्या हंगामात परत कामाला येत नाही. हे काम शिकायला वर्षं जातात आणि मजुरीच्या मानाने ते फार अवघड आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता वादाकडे. सत्तरच्या दशकात राज्याने राज्याबाहेरच्यांच्या मोठ्या शिकारीच्या कॉम्बिनेशन लायसन्सवर (एकाच लायसन्सवर एल्क, हरण वगैरे) 17,000 ची मर्यादा घातली आणि फीसुद्धा वेगळी ठेवली. बाहेरच्याला 225 डॉलर, तेच सगळं स्थानिकाला 30 डॉलरमध्ये, आणि स्थानिकाला नुसता एल्क हवा असेल तर 9 डॉलर. याविरुद्ध मिनेसोटातले काही शिकारी आणि मोंटानातलाच एक आउटफिटर कोर्टात गेले. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि 1978 मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल राज्याच्या बाजूने लागला. म्हणणं असं की एल्कची शिकार ही हौस आहे, पोटापाण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे राज्य आपल्या माणसांना झुकतं माप देऊ शकतं. पण आउटफिटरचं पोट त्याच हौशीवर चालतं, ही बाजू त्यात मागेच पडली.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे त्या 17,000 मधला एक हिस्सा आउटफिटरच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवला. पुढे तो साधारण 5,500 चा झाला. फी जास्त, पण लायसन्स नक्की, आणि त्या जादा पैशातून खाजगी जमिनीवर सर्वसामान्यांना शिकारीला जाता यावं अशी योजना चालायची. कागदावर दोघांचाही फायदा. मात्र नक्की गिऱ्हाईक मिळतंय म्हटल्यावर काही आउटफिटरांनी मोठमोठे रँच भाड्याने घ्यायला सुरुवात केली, आणि जिथे स्थानिक माणूस नुसतं विचारून आत जायचा तिथे फाटकाला कुलूप लागलं.

हा राग साठत गेला आणि 2010 च्या नोव्हेंबरमध्ये थेट मतदानाने राखीव हिस्सा रद्द झाला. सर्वसाधारण लायसन्सची फी 628 वरून 897 डॉलरवर गेली आणि सगळे एकाच ड्रॉमध्ये आले. स्थानिकांचा राग खराच होता, नाही म्हणत नाही. पण कुलपं लावली ती रँच भाड्याने घेणाऱ्यांनी, आणि फटका बसला तो सरकारी जंगलात खेचरं घेऊन जाणाऱ्या आतल्या कॅम्पवाल्यांनाही, ज्यांनी कुणाचीच वाट अडवली नव्हती. दोघांना एकाच मापाने मोजलं हे माझ्या मते चुकलंच. त्यात 2011 ला वाढलेल्या फीमुळे लायसन्सं सगळी खपलीसुद्धा नाहीत. यलोस्टोनच्या उत्तरेकडचे आउटफिटर तर आधीच अडचणीत होते, कारण तिथला कळप 1994 मध्ये 19,000 च्या आसपास होता तो 2013 पर्यंत 4,000 च्या खाली आला. लांडगे, अस्वलं, दुष्काळ, शिकार, कुणाचा वाटा किती यावर अजून भांडणं चालू आहेत.

नंतर मागणी परत चढली, ड्रॉमध्ये नंबर लागणं कठीण झालं. 2021 ला कायदेमंडळाने आउटफिटरशी करार असूनही नंबर न लागलेल्यांना त्या वर्षापुरती लायसन्सं दिली आणि आउटफिटरबरोबर जाणाऱ्यांना जादा प्रेफरन्स पॉइंट (ड्रॉमध्ये नंबर लागायची शक्यता वाढवणारे) विकत घ्यायची सोय केली. मतदानाने काढलेलं मागच्या दाराने परत आणलं अशी ओरड लगेच झाली, आणि ती अजून थांबलेली नाही.

शेजारच्या वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसाला वाइल्डरनेसमध्ये मोठ्या शिकारीसाठी लायसन्सवाला गाइड किंवा तिथलाच रहिवासी सोबत घ्यावाच लागतो, मोंटानात तशी सक्ती नाही. त्यामुळे इथे गाइड घेणारा माणूस गाइडसाठी पैसे मोजतो, लायसन्सची खात्री मात्र त्याला मिळत नाही. अर्ज 1 एप्रिलपर्यंत, आत डोंगरातला रायफलचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणून बुकिंग करताना नंबर नाही लागला तर अ‍ॅडव्हान्सचं काय, हे आउटफिटरकडून आधीच लिहून घेतलेलं बरं.