हस्तरंजित पक्षिचित्रे (एकोणिसावे शतक)

एका रंगात छापलेल्या पक्ष्याच्या आकृतीत प्रत्येक प्रतीवर हाताने जलरंग भरून केलेली चित्रे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली अशी चित्रे आधीपासून होती; ऑड्युबॉन यांच्या अमेरिकन पक्ष्यांच्या ग्रंथातील ४३५ चित्रे (१८२७–३८) त्याच पद्धतीची आहेत. लंडनमध्ये मात्र १८३० च्या सुमारास शिळाछापाने (दगडावरून छापण्याच्या तंत्राने) जोर धरला. महाराष्ट्रातील पोथ्या-पंचांगांमुळे हे तंत्र मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढत व डिंक आणि सौम्य आम्लाचा हात फिरवत. ओलसर शिळेवर शाई फक्त तेलकट रेषा धरत. छाप उलटा उमटत असल्याने उजवीकडे पाहणारा पक्षी शिळेवर डावीकडे तोंड करून काढावा लागे.

इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर यांनी पोपटांची ४२ चित्रे (१८३०–३२) शिळेवर स्वतः काढली, तीही लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील जिवंत पक्षी समोर ठेवून. त्यांच्या पोपटांच्या नजरेतला जिवंतपणा पेंढा भरलेल्या नमुन्यांवरून काढलेल्या चित्रांत क्वचितच आढळतो.

इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांच्या ग्रंथांबाबत चित्रे नेमकी कोणाची, हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. हिमालयातील पक्ष्यांवरील पहिल्या ग्रंथाची ८० चित्रे त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी शिळेवर काढली व त्यांवर त्यांचेच नाव आहे. पुढे पती-पत्नींची जोडनावे येऊ लागली. जॉन कच्चे आराखडे करत, हे खरे. पण पूर्ण चित्र व शिळेवरील काम मुख्यतः एलिझाबेथ यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आठव्या अपत्याच्या जन्मानंतर १८४१ मध्ये त्या वारल्या. एका शिंजीर पक्ष्याच्या शास्त्रीय नावात, गूल्डी या पदात, त्यांची आठवण राहिली आहे. त्यांच्यानंतर रिश्टर, वुल्फ व हार्ट या चित्रकारांनी काम केले.

गूल्ड यांच्या हमिंगबर्डवरील ग्रंथात (१८४९–६१, ३६० चित्रे) गळ्याची धातूसारखी झळाळी आणण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक तैलरंग व व्हार्निश दिले आहे. पान उजेडात जरा कलते केले की वर्ख खालून चमकतो आणि गळ्याचा रंग पालटल्यासारखा वाटतो. या युक्तीचा मूळ शोधक कोण, याविषयी वाद आहे. फिलाडेल्फियाचे बेली याच सुमारास असेच प्रयोग करत होते. बेली यांनी त्यांची कृती मोकळेपणाने सांगितली, पण आपण ती वापरली नाही, असे खुद्द गूल्ड यांनी नोंदवले आहे. त्यामुळे दोघे स्वतंत्रपणे तेथे पोहोचले असावेत.

रंग भरणारे कारागीर एक मंजूर नमुनाचित्र समोर ठेवून प्रत्येक छापावर तेच रंग त्याच जागी देत. चित्राखाली चित्रकार व मुद्रक यांची नावे येत. रंग भरणाऱ्यांची सहसा नसत. गूल्ड यांच्याकडील प्रमुख रंगकार गॅब्रिएल बेफील्ड यांचे नाव टिकले, हा अपवाद.

भारतात ब्रिटिश डॉक्टर व पक्षिशास्त्रज्ञ जर्डन यांनी मुख्यतः दक्षिण भारतातील पक्ष्यांची ५० चित्रे मद्रासहून प्रसिद्ध केली (१८४३–४७). ती बहुतांशी देशी चित्रकारांच्या हातची आहेत. शतकाच्या उत्तरार्धात बहुरंगी शिळामुद्रण स्वस्त पडू लागले, तसे हाताने रंग भरण्याचे काम कमी होत गेले.