सोन्याचे कण आणि गडचिरोलीचा मलेरिया

मुंबईत पावसाळ्यात ताप आला की आपण नाक्यावरच्या लॅबमध्ये रक्त देतो आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्यामुळे गडचिरोलीत मलेरियाने कोणी दगावल्याची बातमी वाचली की आपलं उत्तर ठरलेलं: ‘तिकडे डॉक्टर जात नाहीत.’ हे अर्धसत्य आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७०च्या दशकापासून हेमलकशात आहेत. अडचण आहे ती दवाखान्यापर्यंत पोहोचण्याची. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यात गेल्या चार दशकांचा सशस्त्र संघर्ष. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. अशा मुलखात तापाने फणफणलेलं पोर घेऊन रात्री निघायला कोण धजावेल?

मलेरियाच्या परजीवीच्या जाती वेगवेगळ्या. मुंबईत प्रामुख्याने व्हायवॅक्स मलेरिया आढळतो, गडचिरोलीत फाल्सिपॅरम. तो मेंदूत गेला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. काचेवरचा रक्तनमुना तालुक्याला जाऊन निकाल येईपर्यंत थांबायला सवडच नसते. म्हणून तपासणीच गावात आली, आशाताईच्या पिशवीतून.

ती बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब तपासणीच्या कागदी पट्टीवर सोडते, वर द्रावणाचे काही थेंब. द्रावणाने रक्तपेशी फुटतात आणि त्यातून फाल्सिपॅरमचं एचआरपी-२ हे प्रथिन मोकळं होतं. पुढे पट्टीवर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) असतात, ती या प्रथिनाला पकडतात. ही जोडी कागदातून सरकत रेघेपाशी येते. तिथे पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडं प्रथिनाची दुसरी बाजू धरतात. कण साचतात आणि रेघ उमटते. सोनं पिवळं, मग रेघ लाल का? इतक्या लहान कणांतले इलेक्ट्रॉन एकत्र झुलतात आणि हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून आपल्याला लालसर रंग दिसतो. पंधरा-वीस मिनिटांत निकाल हाती, वीज नको की सूक्ष्मदर्शक नको.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. फाल्सिपॅरमचे परजीवी वाढले की आतल्या अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, त्यामुळे बोटाच्या रक्तात ते कमीच सापडतात. पण त्यांनी सोडलेलं प्रथिन रक्तात सगळीकडे फिरतं. लपलेल्या परजीवींचाही माग पट्टीला लागतो तो यामुळेच.

रेघ उमटली की आर्टेमिसिनिनवर आधारित गोळ्यांचा पहिला डोस तिथेच, आशाताईच्या समोर. ताप आला की आधी ज्यांच्याकडे नेतात त्या तिकडच्या पुजाऱ्यांना, म्हणजे गावातल्या पारंपरिक उपचार करणाऱ्यांना, आपण सहज नावं ठेवतो. पण रक्त न तपासता पपईच्या पानांचा रस पाजणारी कुटुंबं मुंबईतही आहेत, आणि त्यांच्या घराखाली लॅब आहे!

या पट्टीलाही मर्यादा आहेत. काही परजीवींत एचआरपी-२ चं जनुकच नसतं. पेरू देशातले असे परजीवी २०१० मध्ये नोंदवले गेले. त्यांच्यापुढे पट्टी आंधळी ठरते. उलट रुग्ण बरा झाल्यावरही हे प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळतं, त्यामुळे मलेरिया नसतानाही रेघ उमटू शकते. म्हणून आधीचा ताप कधी येऊन गेला, गोळ्या पूर्ण घेतल्या का, हे विचारावंच लागतं, आणि तेही घरच्यांना कळेल अशा माडिया बोलीत.