स्पीकरमधील ड्रायव्हरांची संख्या

विद्युत्‌संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारा स्पीकरमधील घटक म्हणजे ड्रायव्हर. चुंबक, तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला शंकू ही त्याची रूढ रचना राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते. तरंगलांबी पहिल्या टोकाला सुमारे १७ मीटर, दुसऱ्या टोकाला जेमतेम १.७ सेंटिमीटर. खर्जासाठी भरपूर हवा ढकलणारा मोठा शंकू लागतो, तर तारस्वरांसाठी लहान आणि हलका. म्हणून टू-वे स्पीकरमध्ये खर्जाचा वूफर व तारस्वरांचा ट्विटर काम वाटून घेतात. थ्री-वेमध्ये मधल्या पट्टीसाठी तिसरा येतो. ही वाटणी क्रॉसओव्हर नावाचा आतला परिपथ (सर्किट) करतो आणि तो निकृष्ट असेल तर जादा ड्रायव्हर वाया जातात.

सिंधुदुर्गातल्या डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनात हे सहज ऐकू येते. एका ड्रायव्हरचा भोंगा बुवांचे शब्द वाडीभर पोचवतो, पण पखवाजाची धुम त्यातून जवळजवळ निघतच नाही. म्हणून भाड्याच्या साउंडमध्ये बेस (खर्जाचे) आणि टॉप (वरच्या पट्टीचे) स्पीकर वेगळे असतात.

एकाच जातीचे ड्रायव्हर वाढवणे ही मात्र वाटणी नव्हे. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की भार ४ ओहम होतो, म्हणजे अॅम्प्लिफायरला जास्त प्रवाह द्यावा लागतो आणि तो तापतो. खर्जात मात्र सुमारे ६ डेसिबलची वाढ मिळते. वरच्या पट्टीत अंतराचा घोळ होतो. दोन ट्विटरपासून श्रोत्यापर्यंतच्या अंतरांत साडेपाच-सहा सेंटिमीटरचा फरक पडला, तर ३,००० हर्ट्झच्या आसपासचे दोघांचे ध्वनी एकमेकांना मारतात. मग मांडवात एका जागी झांज टोचते, दोन हातांवर ती बोथट वाटते. उभ्या कॉलम स्पीकरमध्ये हाच गुण कामी येतो: आवाज आडवा पसरतो, वर-खाली कमी जातो. घुमणाऱ्या सभामंडपात कीर्तन-प्रवचनासाठी म्हणूनच तो भोंग्यापेक्षा सरस.

घरातल्या माजघराला चांगला टू-वे पुरतो. त्याच किमतीत सहा ड्रायव्हर दाखवणारा उंच टॉवर बहुधा सहा स्वस्त ड्रायव्हरच देतो. किनाऱ्यावर आणखी एक हिशेब आहे. खाऱ्या, दमट हवेत जोड गंजतात, साधा कागदी शंकू ओल धरतो, शंकूभोवतीची फोमची कड झडते. ड्रायव्हर जितके जास्त, तितक्या बिघाडाच्या जागा. पॉलिप्रॉपिलीनचा शंकू आणि रबरी कड इथे जास्त टिकतात.