तेलकट चेहऱ्याला ग्लिसरीन कशासाठी?

माझी भाची महाप्याला नोकरी करते. सकाळी ठाण्याहून वाशीची लोकल पकडून ती घणसोलीला उतरते, दिवसभर एसीत बसते आणि चेहरा तेलकट होतो म्हणून चार वेळा फेसवॉशने धुते. नाक आणि कपाळ तासाभरात पुन्हा चकाकू लागते, गाल मात्र ताणल्यासारखे होतात आणि नाकपुड्यांच्या कडेला बारीक पापुद्रे सुटतात. मॉइश्चरायझर लाव म्हटले, तर तिचे उत्तर ठरलेले असते : "मावशी, आधीच एवढं तेल सुटतंय, त्यावर आणखी क्रीम कशाला?"

तिचा प्रश्न रास्त असला, तरी त्यात तेल आणि पाणी यांची गल्लत आहे. चेहऱ्यावर चकाकते ते सीबम, म्हणजे तेलग्रंथींतून पाझरणारे ट्रायग्लिसराइड, मेणासारखे पदार्थ आणि स्क्वालीन यांचे मिश्रण. ते किती पाझरावे हे मुख्यतः अँड्रोजन ही पुरुषी म्हणून ओळखली जाणारी, पण स्त्रियांतही असणारी हार्मोने ठरवतात. त्वचा मऊ राहते ती मात्र पाण्यामुळे. हे पाणी सर्वांत बाहेरच्या, मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतक्या जाडीच्या शृंगस्तरात धरून ठेवलेले असते. त्यामुळे वरून तेलकट आणि आतून कोरडा असा चेहरा असण्यात विसंगती काहीच नाही.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. तेलग्रंथी जवळजवळ नसलेल्या उंदरांची एक जात प्रयोगशाळांत पाळली जाते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की या उंदरांचा शृंगस्तर कोरडा असतो, पण त्यांच्या त्वचेतून बाहेर उडून जाणारे पाणी वाढलेले नसते; म्हणजे भिंत शाबूत असूनही घर कोरडे. मग तेलाच्या अभावानेच कोरडेपणा आला असेल, असे समजून त्यांना सीबमसारखे स्निग्ध पदार्थ चोळले गेले, तरी फरक पडला नाही. ग्लिसरीन लावताच मात्र शृंगस्तरात पुन्हा पाणी टिकू लागले. याचे स्पष्टीकरण शाळेतल्या रसायनशास्त्रात सापडते : ट्रायग्लिसराइड म्हणजे ग्लिसरीनच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्ले, आणि विकरांनी (एन्झाइमांनी) ती तोडली की ग्लिसरीन सुटे होते. तेलग्रंथींकडून शृंगस्तराला मिळणारा उपयोगी माल तेल नसून तेलातून सुटणारे हे ग्लिसरीन आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात, पाणी आणि ग्लिसरीन या दोहोंना पेशीत वाट देणारे ॲक्वापोरिन-3 हे प्रथिन नसलेल्या उंदरांचा कोरडेपणाही ग्लिसरीननेच दूर झाला. ॲक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही 2003 सालीच.

ग्लिसरीन पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे वारंवार धुतल्याने नेमके तेच वाहून जाते. ग्रंथी तेल पुन्हा सोडतात, पण मधल्या वेळात त्वचा ताणलेलीच राहते.

ग्लिसरीनची पाण्याची ओढ घरीही पाहता येते. ठाण्याच्या पावसाळ्यात पसरट बशीत 20 ग्रॅम शुद्ध ग्लिसरीन ओतून ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली, तर काही दिवसांत काटा वाढलेला दिसतो. हवेची आर्द्रता 50 टक्के असेल, तर समतोलाला बशीतल्या द्रवात सुमारे पाचवा भाग पाणी असते. 80 टक्क्यांना जवळजवळ निम्मे. एसीच्या कोरड्या हवेत हा हिशेब बिघडतो, आणि नुसते ग्लिसरीन चेहऱ्यावर लावले तर ते चिकट तर लागतेच, शिवाय हवेतून न मिळालेले पाणी ते त्वचेतून ओढू शकते. म्हणून चांगल्या हलक्या मॉइश्चरायझरमध्ये ते थोडेच असते आणि सोबत पाणी उडू न देणारा, डायमेथिकोनसारख्या सिलिकोनचा पातळ, न तेलकटणारा थर असतो.

विकत घेताना डब्याच्या मागची यादी वाचावी. घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन येत असेल आणि घट्ट तेले किंवा मेणे वरच्या ओळींत नसतील, तर जेल किंवा पातळ लोशन तेलकट त्वचेला बहुधा सोसते. नायसिनामाइड (बी-3 जीवनसत्त्वाचे एक रूप) असल्यास उत्तम. 'नॉन-कोमेडोजेनिक', म्हणजे रंध्रे न बुजवणारे, या शब्दावर फार विसंबू नये, कारण त्यामागे सर्वांनी मान्य केलेली एकच कसोटी नाही. ही कल्पना मुळात सशांच्या कानांवरील चाचण्यांतून आली. मॉइश्चरायझरमधला पाणी धरणारा दुसरा घटक, हायल्युरॉनिक आम्ल, स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरते, ही तर निव्वळ जाहिरातीची भाषा. तेल 'सुकवण्यासाठी' चेहऱ्यावर लिंबू चोळण्याचा घरगुती उपायही सोडून द्यावा : लिंबाच्या रसाचा सामू (pH) 2 ते 3 च्या दरम्यान, त्वचेचा सुमारे 5, आणि रस लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

भाचीला मी चार धुण्यांची दोन करायला सांगितली. मधल्या वेळी तेल टिपकागदाने टिपावे, चेहरा धुतल्यावर रुमालाने हलकेच टिपून, त्वचा ओलसर असतानाच हरभऱ्याएवढे मॉइश्चरायझर घ्यावे, आधी गालांवर पसरावे आणि बोटांवर उरेल तेवढेच कपाळ व नाकावर फिरवावे. नवे उत्पादन आधी आठवडाभर जबड्याच्या कडेला लावून पाहावे. जुलैच्या दमट सकाळी सनस्क्रीनच पुरेसा ओलावा देत असेल, तर मॉइश्चरायझर रात्रीपुरते ठेवले तरी चालते. मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असलेल्यांनी मात्र ते टाळू नये, कारण ही औषधेच त्वचा कोरडी करतात. त्यांनी कोणते लावावे हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे.