प्रवाळ-टाकीतील उपद्रवी समुद्रपुष्पे व त्यांचे नियंत्रण

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ पाळणाऱ्यांना, म्हणजे रीफ टँक ठेवणाऱ्यांना, सर्वाधिक छळणारी समुद्रपुष्पे दोन आहेत : ऐप्टेशिया आणि मजानो. प्रवाळ, जेलीफिश आणि समुद्रपुष्पे निडारिया या एकाच संघातली. त्या सर्वांकडे दंशपेशी असतात. टाकीतल्या अपुऱ्या जागेत ही आगंतुक समुद्रपुष्पे शेजारच्या प्रवाळाला सतत दंश करतात. प्रवाळ आक्रसून राहतो, त्याची कड मरते आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा तीच पसरतात. त्यांचा बंदोबस्त करताना एक गोष्ट कधी विसरू नये. हा प्राणी मारायला अवघड नाही, पण चुकीच्या हाताळणीने तो वाढतो.

ऐप्टेशिया फिकट तपकिरी, अर्धपारदर्शक असते. बारीक देठ, वर रुंद मुखचकती आणि भोवती लांब, टोकदार संस्पर्शक (अन्न पकडणारी बोटे). बहुतेक टाक्यांत आढळणाऱ्या जातीला आता एक्झैप्टेशिया डायफाना म्हणतात. हा प्रजातिगट 2014 मध्ये ऐप्टेशियातून वेगळा काढण्यात आला, पण टाकीवाल्यांच्या तोंडी जुनेच नाव आहे. मजानो म्हणजे ॲनिमोनिया मंजानो. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ ऑस्कर कार्लग्रेन यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील नमुन्यांवरून 1900 मध्ये तिचे वर्णन केले. तिचे संस्पर्शक आखूड व टोकाशी किंचित फुगीर असतात, रंग हिरवट, तपकिरी किंवा गुलाबीसर. नवखा माणूस तिला क्लाउनफिशच्या बबलटिप समुद्रपुष्पाचे पिल्लू समजून कौतुकाने वाढवतो आणि वर्षभरात अख्खा दगड तिच्या ताब्यात जातो.

ही समुद्रपुष्पे सहसा कोणी विकत आणत नाही. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे सूक्ष्मजीवांनी भरलेल्या समुद्री दगडाच्या, भेगेत किंवा प्रवाळाच्या फ्रॅगखालच्या (विकायला कापलेल्या तुकड्याखालच्या) चकतीला चिकटून ती आयतीच येतात. त्या वेळी ती मोहरीच्या दाण्याएवढी असली तर दिसतही नाहीत.

त्यांच्या वाढीचे मूळ पायात आहे. काचेवर बसलेली ऐप्टेशिया भिंगातून पाहिली तर पायाच्या कडेला काचेवर उरलेले पारदर्शक ठिपके दिसतात. ती पुढे सरकते तसे हे तुकडे मागे सुटतात. काही दिवसांत प्रत्येक ठिपक्यावर इवलेसे संस्पर्शक फुटतात आणि स्वतंत्र समुद्रपुष्प तयार होते. याशिवाय नर-मादी युग्मकांपासून तरंगत्या अळ्याही होतात, पण टाकीत झपाट्याने होणारी वाढ प्रामुख्याने या पायाच्या तुकड्यांमुळे असते. म्हणूनच चिमट्याने ओरबाडणे, ब्लेडने खरवडणे किंवा ब्रशने घासणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो. स्पर्श होताच ऐप्टेशिया भेगेत आत ओढली जाते, अंगावरच्या बारीक छिद्रांतून दंशपेशींनी भरलेले पांढरे धागे बाहेर टाकते आणि हाती येतो तो फक्त वरचा भाग. मागे राहिलेल्या पायापासून ती पुन्हा उभी राहते.

उपाशी ठेवूनही ती जात नाही. तिच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशात अन्न तयार करून तिला पुरवते. अंधारात हे शैवाल निघून गेले व ती पांढरी पडली, तरी पाण्यातले अन्नकण पकडून ती तग धरते. टाकीखालचा संप (पाणी गाळण्याची जोडटाकी), पाणी उतरण्याचा पाइप, पंपाची मागची बाजू अशा अंधाऱ्या जागी तिच्या वसाहती नांदत असतात आणि वरची टाकी साफ केल्यावर पुन्हा तिथूनच तिचा शिरकाव होतो. नियंत्रण फसल्याच्या बहुतेक तक्रारींचे कारण मला या न पाहिलेल्या संपातच दिसते. खाद्य कमी केल्याने वाढ मंदावते, हे मात्र खरे. गोठवलेल्या खाद्याचे तुकडे रोज दगडांत अडकून राहत असतील तर कोणताही उपाय पुरा पडत नाही.

समुद्रपुष्पे मोजकीच असतील तेव्हा औषध टोचणे किंवा झाकणे उपयोगी पडते. सर्वांत जुने व स्वस्त साधन म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अर्थात पाणी घालून विरवलेला चुना. रीफवाले त्याला जर्मन नावाने काल्कवासर म्हणतात. पानाला लावतात तो चुना मुळात तोच, मात्र बाजारच्या डबीत आणखी काय मिसळले आहे याची खात्री नसल्याने टाकीसाठी शुद्ध पूडच घ्यावी. थोड्या पाण्यात दाट लगदा करून तो बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरतात. सगळे पंप बंद करून पाणी स्थिर होऊ देतात. मग सुई वरून, सावकाश, संस्पर्शकांना धक्का न लावता मुखाजवळ नेऊन थेंब सोडतात. घाई झाली नाही तर ऐप्टेशिया तो अन्न समजून आत घेते. ती मिटली की भेगेचे तोंड लगद्याने बुजवतात आणि पंप पंधरा-वीस मिनिटे बंदच ठेवतात. संपृक्त चुन्याच्या निवळीचा सामू सुमारे 12.4 असतो आणि रीफ टाकीला हवा असतो 8.1 ते 8.4. त्यामुळे एका बैठकीत मोजक्याच समुद्रपुष्पांवर उपचार करावा. लहान टाकीत तर फारच बेताने. ऐप्टेशिया-एक्ससारखी तयार औषधेही याच पद्धतीने वापरतात. लिंबाचा रस व व्हिनेगर टोचण्याचीही रीत आहे, पण पाय भेगेत खोल असेल तर त्यांचा भरवसा नाही.

काही जण शक्तिशाली निळ्या लेसरने समुद्रपुष्पे जाळतात. काचेवरून परावर्तित झालेला किरण क्षणात डोळा निकामी करू शकतो, त्यामुळे घरात हा प्रयोग करू नये. त्याहून धोकादायक सल्ला दगड उकळण्याचा. त्याच दगडावर पॅलिथोआ किंवा त्यासारखे झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले प्राणी) असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष श्वासात जाते आणि घरातली सगळी माणसे आजारी पडू शकतात. दगड वाचवायचा नसेल तर तो बाहेर काढून पूर्ण वाळवावा. उकळू मात्र कधीही नये.

संख्या वाढली की सिरिंज पुरत नाही, तेव्हा नैसर्गिक शत्रू आणावा लागतो. त्यांत बर्गिया स्टेफनीए या कवचहीन समुद्री गोगलगायीची तोड दुसऱ्या कशालाही नाही. फ्लोरिडातल्या या जातीचे वर्णन 2005 मध्ये झाले. त्याआधी ती दुसऱ्याच नावाने विकली जाई. ती फक्त ऐप्टेशिया खाते. दिवसा दगडाखाली दडून राहते आणि रात्री बाहेर पडते. खाल्लेल्या ऐप्टेशियाच्या दंशपेशी पचवून न टाकता पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकांत साठवते आणि त्यांचाच स्वतःच्या बचावासाठी उपयोग करते. पांढऱ्या, सर्पिल माळेत अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले निघतात व लहानात लहान ऐप्टेशियापर्यंत पोहोचतात. हे काम माशांना जमत नाही. परिणाम दिसायला काही महिने लागतात, तोवर धीर धरावा लागतो. टाकीत सिक्सलाइनसारखे रॅस मासे किंवा पेपरमिंट श्रिम्प (ऐप्टेशिया खाणारी कोळंबी) असतील तर ते बर्गियाच गट्टम करतात. म्हणून बर्गिया आणि पेपरमिंट श्रिम्प हे दोन उपाय एकत्र करू नयेत. ऐप्टेशिया संपली की बर्गिया उपाशी मरते. त्याआधीच ती दुसऱ्या टाकीवाल्याला द्यावी.

पेपरमिंट श्रिम्प म्हणजे लिस्माटा गटातल्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती. लिस्माटा वुर्डेमानी, लिस्माटा बोगेसी वगैरे त्यांतल्याच. सगळ्याच सारख्या आवडीने ऐप्टेशिया खात नाहीत, आणि आयते खाद्य मिळाले तर कोणीच खात नाही. खरेदी करताना पाठीला कुबड, मोठे डोळे आणि अंगावर ठळक पांढऱ्या रेघा दिसल्या तर तो कॅमल श्रिम्प समजावा. तो झोअँथिड आणि मऊ प्रवाळच फस्त करतो. माशांपैकी कॉपरबँड बटरफ्लाय लांब चोचीने ऐप्टेशिया टिपतो, परंतु त्याला मोठी, स्थिर टाकी लागते आणि अनेकदा तो दुसरे खाद्य न स्वीकारता खंगून मरतो. केवळ ऐप्टेशियासाठी असा मासा आणणे त्या जिवावर अन्याय आहे. ब्रिसलटेल फाइलफिश सोपा आहे, तयार खाद्य घेतो, पण एखाद्या प्रवाळालाही चोच मारतो. मजानोवर यांतल्या कोणाचाही भरवसा धरता येत नाही, आणि बर्गिया तर तिला शिवतही नाही. तिथे चुन्याचा लगदा लावणे किंवा तेवढा दगड बाहेर काढणे हाच मार्ग उरतो.

टाकीत नकोशी झालेली ही ऐप्टेशिया प्रयोगशाळेत मात्र मोलाची आहे. तिचे शैवाल काढून टाकता येते, पुन्हा बसवता येते आणि एका प्राण्यापासून हुबेहूब जनुकांचे हजारो तयार करता येतात. प्रवाळ-विरंजन, म्हणजे शैवाल गमावून प्रवाळ पांढरा पडणे, समजून घेण्यासाठी म्हणूनच ती निवडली गेली आणि 2015 मध्ये तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ येतात. मालवणपासून लक्षद्वीपपर्यंतच्या समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळाचे दगड उचलून टाकीत आणणे हा गुन्हा आहे. कोरडा किंवा कृत्रिम दगड वापरून टाकी उभारली तर कायदाही पाळला जातो आणि दगडातून येणारी ऐप्टेशियाही टळते. नवा प्रवाळ आला की त्याखालची चकती कापून टाकावी व तो वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवावा. प्रवाळासाठीच्या औषधी द्रावणात बुडवल्याने चपटे कृमी मरतात, ऐप्टेशिया बहुधा वाचते. काढलेले दगड व टाकीचे पाणी खाडीत किंवा समुद्रात टाकू नये. जहाजांच्या तळांना चिकटून ही समुद्रपुष्पे आधीच जगभरच्या बंदरांत पोहोचली आहेत. दगड उन्हात कडक वाळवावेत आणि पाण्यात ब्लीच मिसळून, काही तासांनी ते घरच्या सांडपाण्यात सोडावे.