गिडियनच्या आधी

रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्ही मैत्रिणी जमलो की सध्या एकच विषय निघतो: न्यूझीलंडच्या टॅम्सिन म्यूर यांची ‘द लॉक्ड टूम’ ही कादंबरीमालिका. तलवारबाज गिडियन, हाडांवर हुकमत चालवणारी मांत्रिक हॅरो, दोघींचं लहानपणापासूनचं वैर आणि त्या वैराच्या पोटातली माया. पहिलं पुस्तक सप्टेंबर २०१९ मध्ये आलं. त्याच्या वर्षभर आधी, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवलं होतं. आमच्यापैकी काहींनी हे पुस्तक उघडपणे हातात धरलं, यात त्या निकालाचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

ही मालिका ज्या प्रकारात मोडते त्याचं ‘स्पेस ऑपेरा’, म्हणजे अंतराळातली साहसकथा, हे नाव मुळात हिणवण्यासाठी होतं. अमेरिकन लेखक विल्सन टकर यांनी १९४१ साली रटाळ अंतराळयान-कथांना ते चिकटवलं. त्या कथांत पराक्रम पुरुषांचा आणि प्रेम ठरलेल्या साच्यातलं.

साचा मोडला तो वाचकांनी. १९७४ साली ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या एका हौशी अंकात कर्क आणि स्पॉक या तिच्या दोन नायकांच्या प्रेमाची गोष्ट छापून आली. लिहिणारीने दोघांपैकी एकाचंही नाव घेतलं नव्हतं, जाणकारांनी ओळखायचं. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली, लेखक नारायण विनायक जगताप. हे होते आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर; आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. दोन्हीकडे नाव झाकलेलं, पण कारणं किती वेगळी! नारळीकरांना नावाच्या वजनाशिवाय कथा जोखून हवी होती. त्या बाईंना मात्र ते प्रेम नाव घेऊन लिहिण्याची सोय नव्हती.

पुढे २०१३ मध्ये ॲन लेकी यांनी ‘अ‍ॅन्सिलरी जस्टिस’मध्ये बाई असो वा पुरुष, जवळजवळ सगळ्यांसाठी ‘ती’ वापरलं आणि त्या कादंबरीला ह्यूगो, नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. (मराठीत हे आणणं अवघड, पण मजेचं, आपल्याकडे ‘आली’, ‘गेली’ म्हणताना क्रियापदच बोलून जातं.)

म्यूरही आधी फॅनफिक्शन, म्हणजे दुसऱ्यांच्या पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी, लिहीत होत्या. तीन पुस्तकांची म्हणून जाहीर झालेली त्यांची मालिका लिहिता लिहिता चारांची झाली. आमच्यातल्या एकीने या गोष्टीला जोडून स्वतःचं एक प्रकरण लिहायला घेतलंय, मराठीत. त्यातली गिडियन तलवार उपसताना ‘चल की गं’ म्हणते, आणि नावं दोघींचीही पहिल्याच ओळीत आहेत.