बायकांचाच देश: 'हरलँड' आणि तिच्या आधीनंतरची गोष्ट

पुरुषच नसलेल्या जगाच्या कादंबऱ्या म्हटलं की बऱ्याच जणांना ते १९७० नंतरचं खूळ वाटतं. पण अमेरिकेत मेरी ब्रॅडली लेनची 'मिझोरा' १८८०-८१ मध्येच सिनसिनाटीच्या एका पेपरात क्रमशः आली होती, पृथ्वीच्या पोटात बायकांचाच देश, शिक्षण सगळ्यांना फुकट, अन्न केमिस्ट्रीने बनवलेलं.

मग येतात 'हरलँड' कादंबरीच्या अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन. मुलगी झाल्यावर त्यांना डिप्रेशन आलं, १८८७ मध्ये वेअर मिचेल नावाच्या नामांकित डॉक्टरने आराम करा, घरसंसारात रमा आणि लेखणीला हात लावू नका असा उपचार सांगितला, त्याने बाई वेड लागायच्या टोकाला पोचल्या. त्यातून १८९२ ला 'द यलो वॉलपेपर' ही कथा आली, १८९८ मध्ये 'विमेन अँड इकॉनॉमिक्स' हे पुस्तक, त्यात मुद्दा सरळ होता की बाई पोटासाठी नवऱ्यावर अवलंबून आहे तोवर बाकी सगळं बोलणं फुकट. १९०९ पासून सात वर्षं त्यांनी 'फोररनर' मासिक चालवलं, मजकूर सगळा स्वतःच लिहायच्या, आणि १९१५ ला त्यातच 'हरलँड' छापली, बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायच्या पाच वर्षं आधी! तीन अमेरिकन पुरुष अशा देशात पोचतात जिथे दोन हजार वर्षं पुरुष नाही, मुली पुरुषाशिवायच जन्मतात, मूल वाढवणं हे अख्ख्या देशाचं काम, आणि कपड्यांना भरपूर खिसे (हे मला फार आवडतं). त्यातला एकजण लग्न झालंय म्हणून बायकोवर जबरदस्ती करायला जातो तर त्याला देशाबाहेर काढतात. १९१५ मध्ये हे लिहिणं म्हणजे खरंच धाडस.

पण नुसतं कौतुक करणं मला पटत नाही. मिझोरात सगळ्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या, सावळ्या लोकांना वगळूनच तो स्वर्ग उभा राहिलाय, आणि गिलमनबाई स्वतः वंशसुधारणेच्या (म्हणजे 'चांगल्या' वंशाच्याच लोकांनी मुलं जन्माला घालावीत या विचाराच्या) बाजूच्या होत्या, 'हरलँड'च्या बायका आर्यवंशी आहेत असं पुस्तकातच लिहिलंय.

'हरलँड' पुस्तकरूपात आली थेट १९७९ ला, इतिहासकार अॅन जे. लेन यांच्या प्रस्तावनेसह, म्हणजे ६४ वर्षं ती मासिकाच्या जुन्या अंकांतच पडून होती. तोवर अमेरिकन विज्ञानकथा लेखिका जोआना रसची बायकांच्याच जगाची कथा 'व्हेन इट चेंज्ड' (१९७२) आणि तसंच जग असलेली कादंबरी 'द फीमेल मॅन' (१९७५) येऊनही गेल्या होत्या. बायकांचं लिखाण असं नजरेआड कसं केलं जातं यावर रसनेच पुढे १९८३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.